आईची सही

समता,
जय भीम.

शिकायला माझ्याकडे ठेवलेल्या तुझ्या लेकीला, सुमेधाला तू रविवारी घेऊन गेलीस. तेव्हापासून या घरात माझ्याशी वाद घालायला कुणी नाही.

पंधरा वर्षांपूर्वी, परराज्यात वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सहीवर मुलींना एचपीव्ही लस टोचल्याचं वाचून मी चिखलीच्या सभेत गरजलो होतो, "सही आई-बापाचीच! आमच्या लेकी प्रयोगासाठी नाहीत!" तू पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होतीस. पुढे मी वाचत राहिलो. लस सुरक्षित आहे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते, हे मला पटलं. पण मत बदललं हे सांगायला मी सभा घेतली नाही. तुलाही सांगितलं नाही.

आणि गेल्या आठवड्यात मी सुमेधाला ती लस द्यायला परस्पर आरोग्य केंद्रात नेलं. सिस्टर हसली, "आबा, आईची सही पायजे. तुम्हीच तर भाषणात सांगत होते!"

फोनवर तू एवढंच म्हणालीस, "मामा, तवा इतके गरजले, अन् आता माह्याच पोरीले मले न विचारता नेऊन राह्यले?"

आणि रविवारी येऊन तिला घेऊन गेलीस. लसीबद्दल मी आज बरोबर आहे, समता. पण तुझा प्रश्नही बरोबर आहे.

हे पत्र पाठवत नाही, तुला पुन्हा भाषणच वाटेल. उद्या साखरखेर्ड्याला तुझ्या घरी येतो. आपण डॉक्टरकडे जाऊ. मनातली सगळी भीती तू बोलून दाखव, मी शेजारी गप्प बसेन. सही करायची की नाही, तू ठरव.

फक्त दार उघड.

तुझा
माणिकमामा