वळसंगला फिरवून दाखवलेलं यंत्र

४ जाने.
आजवर या हातांनी केलेलं: शेंगा फोडायचं यंत्र. सौ.च्या शिलाई मशीनला मोटर. मिनूचं अभ्यासाचं टेबल, अजून डुगडुगत नाही. आणि हुरड्याचं यंत्र. शिकवलं कुणी नाही.
लेक मिनू आज पुण्याहून आली. पेटंट कायद्याची प्राध्यापक, आता नावाआधी डॉ. लागतं. उद्या तिला यंत्राच्या पेटंटचं विचारायचं. इथल्या नवी पेठेतून फ्रेमही आणून ठेवलीय, पेटंटच्या प्रमाणपत्रासाठी.

५ जाने.
यंत्र दाखवलं. आगटीतलं गरम कणीस आत घालायचं, सायकलच्या ट्यूबचे रूळ, दाणा चेंबत नाही, बायकांचे हात भाजत नाहीत. तिनं दांडा फिरवला, हुरडा खाल्ला, हसली. मग, "अण्णा, आधी कुणाला दाखवलंत?"
अभिमानानं सांगितलं. गेल्याच्या गेल्या वर्षी वळसंगला, भावकीच्या हुरड्याला. सगळ्यांनी फिरवलं. दोघांनी बघून तसंच करूनही घेतलं.
तिनं दांडा सोडला. "मग पेटंट मिळत नाही. अर्जाआधी चारचौघांत वापरलं की ते नवं राहत नाही."
"कोण बघायला येतंय?"
"मी पोरांना हेच शिकवते, अण्णा."


६ जाने.
मिनू सकाळच्या गाडीनं गेली. स्टँडवर पाया पडली. मी 'सांभाळून जा' एवढंच. बाकीचं...
सौ.: "एक सूत फरक पडला म्हनून टेबल तीनदा खोललं तुमी. पोरगी कुणावर गेली मग?"
फ्रेम परत करू का म्हणाली. राहू दे म्हटलं.

१९ जाने.
मिनूचा फोन. इथं काढलेला यंत्राचा व्हिडिओ वर्गात दाखवला. वळसंगचंही सांगून विचारलं, याला पेटंट मिळेल का? निम्मी पोरं हो म्हणाली, कारणं देऊन चुकली. "शेवटी सांगितलं, करणारा माझा बाप आहे."
सौ.नं फोन काढून घेतला. "रडताय व्हय?"
नाही.

२ फेब्रु.
पुण्याचा एक कारखानदार यंत्राचं ऐकून वर्कशॉपात आला. दांडा बराच वेळ फिरवला. अर्ज तुमच्या नावानं करू, हक्क आम्ही विकत घेऊ. फक्त 'याआधी कुणाला दाखवलं नाही' यावर सही.
"वळसंगला दाखवलंय की."
"ते कोण सांगणार, साहेब?"
रुळांमधली फट बघत बसलो. नाही म्हटलं. रविवारी परत येतो म्हणाला.
मिनूला कळवू का? शाबासकी मागतोय असं वाटेल. सौ.लाही बोललो नाही. फ्रेम रिकामीच आहे.
सही केली नाही. आठ लाख देत होता.