तो ढग लांबचाच होता

सर, तुमचा नकाशा मी काल भिंतीवरून उतरवायला लावला. विभागात तुमच्या स्मरणार्थ व्याख्यान होतं, बोलायला मलाच बोलावलं होतं, आणि तुम्ही हाताने रंगवलेली आपली आकाशगंगा, तिच्या सर्पिल भुजांसकट, माझ्या डोक्यावर टांगलेली. पहिल्या रांगेत काकू, तुमच्या पत्नी, बसल्या होत्या. त्यांच्यादेखत सांगितलं, नकाशा चुकीचा आहे. रागाने नव्हे. मुलं अजून तोच बघून शिकतात.

त्यात एक ढग चुकीच्या जागी आहे. कोणता, ते तुम्हाला सांगायला नको. एम.एस्सी.च्या वर्षी परदेशातून आलेल्या रेडिओ नोंदींवरून आपण महाकाय रेणू-मेघ मांडत होतो. थंड वायूचे हे ढग जोडत गेलं की भुजा उमटते. नोंदीतून ढगाचा वेग मिळतो, पण त्या एका वेगाला दोन जागा बसतात, एक जवळची, एक लांबची. जागा चुकली की ढग भलत्याच भुजेत जातो. तो जवळ असेल तर त्यातला गार हायड्रोजन मागून येणाऱ्या लहरी गिळतो आणि आलेखात खळगा पडतो. मी म्हणते, "सर, खळगा नाही. हा लांबचा." तुम्ही हसता. "भिवंडीच्या लूमवाल्याची पोर तू. खडखडाटात वाढलीस, तुला खळगे काय कळणार? जवळ ठेव. बघ, भुजा कशी सलग झाली!" वर्ग खिदळतो. मी जागची हलत नाही, तेव्हा म्हणता, "बी.एड. कर. घराजवळ शाळा बघ." संशोधनासाठी तुमची शिफारस लागत होती, ती तुम्ही दिली नाहीत. मी पडघ्याच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत आरसे आणि भिंगं शिकवली. तुम्ही वारल्याचं तिथेच कळलं. पुढचा तास घेतला, मग डबा खाल्ला.

आता त्या ढगाचं अंतर थेट मोजता आलंय. तो लांबचाच आहे. तुमची सलग भुजा तिथे तुटते. हे काल सावकाश सांगितलं, मागच्या बाकालाही कळेल असं.

चहाच्या वेळी काकूंनी मला हाताला धरून बाजूला नेलं. वाटलं, आता रडणार.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "त्यांना ठाव होतं गं. त्याच दिवशी ताटावर बसून बोलले, पोरीचं बराबर हाय."

"मग?"

"मग काय? म्हनले, आज हो म्हटलं तर उद्या डोक्यावर बसंल. चा पी, निवला बघ तुजा."

मी प्यायले.

सर, इतकी वर्षं मी धरून चालले होते की तुम्हाला ते दिसलंच नाही. ज्याला दिसत नाही त्याच्यावर माणूस किती दिवस दात धरणार? हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. त्या आंधळ्या सरांना मी केव्हाच माफ केलं होतं. मला ते थोडे आवडायलाही लागले होते.