संघदीपचं बोट चापावर नव्हतं

आमगाव

प्रिय विवेक,

सवयीनं 'प्रिय' लिहिलं गेलं. खोडत नाही, राहू दे.

संघदीपदादाला काल दवाखान्यातून घरी आणलं. पाय आहे, पण नावाला. माय त्याला चमच्यानं भरवून राहिली, जसं हातालाच काही झालं. शेजारची अल्का पपई घेऊन आली अन् जाता जाता म्हणाली, जंगलातून बदलीच पाहिजे होती तर अर्ज करायचा, पाय कायले फोडून घ्यायचा? म्हणजे तुमच्या सालेकशाच्या पोलीस चौकीतली गोष्ट इथवर पोचली. आपोआप नाही पोचली. बोट चापावर होतं, असा जबाब तू लिहून दिलास.

कुठं होतं बोट? कचारगडच्या जत्रेचा बंदोबस्त होता. दादा दोन्ही हातांनी गाडीचा दांडा धरून खाली उतरत होता. कार्बाइन खांद्यावरून निसटली, जमिनीवर आपटली अन् गोळी पिंडरीतून गेली. तू त्याच्या मागंच होतास.

त्या कार्बाइनची ख्याती मला तूच सांगितली. आपल्या साक्षगंधाच्या दिवशी, आमच्या अंगणात, तोंडात बुंदी. स्वस्तातला माल आहे, म्हणालास, मारायच्या वेळी अडकते अन् नाही मारायच्या वेळी सुटते. मॅगझिन लावलेली असली अन् मागच्या दस्त्यावर, बटावर आपटली, की आतला बोल्ट मागं जाते अन् येता येता गोळी घेऊनच येते, चाप दाबायची गरजच नाही. एकदा चौकीत खाटेवरून पडली तर छताच्या टिनाला भोक पडलं अन् तुमचा हवालदार घाबरून पाण्याच्या टाक्यात बसला, याची तू नक्कल पण केलीस. माय हसली. मी तर पोट धरून हसले. मग ती वापरते कोण, हे मी विचारलं, तर म्हणालास, जो नवा येते अन् उलटून बोलत नाही, त्याच्या गळ्यात टाकतो.

पुढच्याच महिन्यात दादा तुझ्या चौकीत आला. शस्त्रखोलीची चावी तुझ्याकडे, रायफल तुझ्या खांद्यावर, अन् ती कार्बाइन होणाऱ्या साळ्याच्या गळ्यात. त्याला सांगितलं पण नाहीस. काऊन?

तुझी भीती मला समजते. हत्यार खराब होतं म्हटलं, की ते 'ठीक' आहे म्हणून सही कोणाची, हे निघते. म्हणून तू माझ्या भावाला डरपोक ठरवलं. बाबा आता पानठेल्यावर जात नाहीत.

वरून तुझा निरोप, की पिंकीनं दादाला समजवावं, चूक कबूल करून टाक म्हणावं, मग लग्नाची तारीख काढू. नाही समजवत. सोमवारी गोंदियाला चौकशी आहे. दादासोबत मी जाऊन राहिली, माय पण येऊन राहिली. अंगणात तू जे सांगितलं ते सगळं तिथं सांगणार, टाक्यातल्या हवालदारासकट. कोणाकडून ऐकलं विचारतील, तर तुझं नाव घेईन. तुझी नोकरी जाईल, आपलं लग्न पण. माझ्या आधी तू उभा राहून खरं बोललास तर निदान माणूस म्हणून तुझ्याकडे पाहता येईल. तेवढ्यासाठी लिहिलं.

तुझी, सोमवारपर्यंत तरी,
पिंकी