मृगाच्या फोटोतल्या रेघा

मी, माया राजरत्न तांबे, वय ६४, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार वरळी, आधी बीडीडी चाळ आणि आता तिथंच उभा राहिलेला टॉवर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाविना लिहिते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पती हयात नाहीत. एकुलती एक लेक आकांक्षा सव्विसाव्या वर्षी कॅन्सरनं गेली. ती असती तर हा कागद लागलाच नसता.

१. राहता फ्लॅट दिराचा मुलगा विनीत याला द्यावा. लेकीच्या आजारपणात रक्ताला, औषधांना तोच धावला. त्याच्यावर माझा राग आहे, तो कलम तीनमध्ये. पण राग घरावर काढणारी मी नव्हे.

२. आकांक्षाची दुर्बीण, कॅमेरा आणि हार्ड डिस्क तिची मैत्रीण श्रेया हिला. चाळीच्या गच्चीवरून दोघी मृग नक्षत्रातला तेजोमेघ टिपायच्या. (टॉवरच्या गच्चीला कुलूप असतं. किल्ली मागितली तर सेक्रेटरी म्हणाला, "या वयात तारे कसले बघता?" त्याला माझी चहाची गाळणीसुद्धा देऊ नये.) डिस्कवर नुसते काळे फोटोही आहेत, ते रिकामे समजून पुसू नयेत. झाकण लावून, तितकाच वेळ, तशाच गारव्यात ते काढायचे असतात. त्यात फक्त कॅमेऱ्याची स्वतःची खरखर उतरते आणि ती खऱ्या फोटोतून वजा करायची. मी जन्मभर ट्रंक लाइनवर खरखर ऐकली. ती अशी वजा करता येते हे मला लेकीनं शिकवलं.

३. आता विनीत. असे शेकडो फोटो एकावर एक रचून शेवटी एकच फोटो करतात. उरलेली खरखर त्यात एका जागी साचू नये म्हणून दर दोन-चार फोटोंनंतर दुर्बीण केसभर सरकवावी लागते, नाहीतर तिरप्या रेघा पडतात. शेवटच्या खेपेला ते काम माझ्याकडे होतं. आकांक्षा माझ्या खांद्याला टेकली आणि तशीच झोपली. दुखण्यानं कित्येक आठवडे पोरीचा डोळा लागला नव्हता! दुर्बिणीचा रिमोट त्याच बाजूच्या हातात. बटण दाबायचं तर खांदा हलला असता. नाही दाबलं. कॅमेरा आपला फोटो काढत राहिला.

जागी झाली आणि स्क्रीन बघून करवादली, "आई, सरकवलीच नाहीस? वाया घालवलेस गं सगळे!"

"असू दे. उद्या काढू परत."

दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्स आली. ती घरी परतली नाही.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला विनीत तेजोमेघाचा एकत्र केलेला फोटो मोठा करून घेऊन आला. "काकी, रेघावाले सगळे उडवले. एकदम क्लीन केलाय बघ." आलेल्या माणसांसमोर मी तो भिंतीवर लावून घेतला. मायेनंच केलं होतंस तू. पण माझ्या काळजाचं पाणी झालं रे. भिंतीवरचा तो फोटो उतरव.

४. श्रेयानं रेघांच्या फोटोंसकट सगळे एकत्र करून नवा फोटो तयार करावा आणि माझ्या पुण्यानुमोदनाला तोच लावावा. फोटो खराब का, असं कुणी विचारलं तर सांगावं: या रेघा पडत होत्या तेवढा वेळ आकांक्षा शांत झोपली होती. त्यातला एकही फोटो कमी करू नये.

वरचं सगळं मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे. दर्शनाताई वाचताना रडल्या. सही मात्र नीट केली.

सही: माया राजरत्न तांबे

साक्षीदार:
१. दर्शना मोहिते, शेजारीण
२. डॉ. जयवंत राणे

मुंबई, ११ जानेवारी २०२६