आबांच्या घड्याळाचं बटण

आई, तुला पत्र लिहायची कधी वेळच आली नाही. तू पाचगणीच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होतीस, आणि शाळेला सुट्टी लागली की कवठ्याला घरी येणार हे ठरलेलंच असायचं. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आपल्याच स्वयंपाकघरात बसून लिहितेय, कारण दुसऱ्या कुणाला हे सांगायची सोय नाही.

आबा विसरायला लागलेत. फौजेतला नंबर अजून घडाघडा म्हणतात, पण तू गेलीस हे त्यांच्या डोक्यात राहत नाही. सकाळी उठले की पहिला प्रश्न, तुजी आई कुठं हाय गं? सुरुवातीला मी खरं सांगायचे. ते मटकन खाली बसायचे, मला कळवलं का न्हाईस म्हणून माझ्यावरच डाफरायचे, मग रडायचे. चहा होईतो विसरायचे आणि संध्याकाळी पुन्हा तेच. एकाच बाईला माणसानं किती वेळा पोचवायचं? सांगलीचे डॉक्टर म्हणाले, दर वेळी खरं सांगायची गरज नाही, बाहेर गेलीय म्हणा. त्यांना सांगायला काय जातंय!

माझ्या तोंडून ते निघेना, आणि त्याला कारण तू. मी शाळेत असताना एकदा दिवाळीला आली होतीस, दमून भिंतीला टेकली होतीस. शेजारच्या काकू त्यांच्या चकल्या पाडून मागायला आल्या आणि मी शहाणपणानं सांगितलं, आई झोपलीय. तू उठून बाहेर आलीस, त्यांना चहा पाजलास, चकल्याही पाडून दिल्यास. त्या गेल्या. मी मान खाली घालून उभी आहे, आता बसणार पाठीत धपाटा. तू हात धुता धुता एवढंच म्हणतेस, "मी जिती हाय तवर माज्या नावानं खोटं बोलायचं न्हाई."

मग ते खोटं मी घड्याळाकडून वदवून घेतलं. माझं पोटापाण्याचं कामच ते, स्मार्टवॉचची तबकडी बनवायची. कडेचं चाक फिरवलं की पडद्यावर काय सरकायचं, बटण दाबलं की काय उघडायचं, हे मी ठरवते. म्हणजे ठरवायला बघते. तबकडीला बटण ऐकायची परवानगीच नसते, घड्याळ ते मधल्या मध्ये स्वतःकडे घेतं. म्हणून आबांसाठी वेगळं छोटं ॲप लिहिलं, चाक फिरवलं की गोळ्यांच्या वेळा आणि बटण दाबलं की तू कुठं आहेस त्याचं उत्तर, आणि तेच कायम समोर राहील असं केलं. तर त्यांचं बोट लागलं की चाक सुसाट, गोळ्यांची वेळ मागे टाकून भलतीकडेच. त्याला आवर घातला, एका खटक्याला एकच पडदा. बटणाची त्याहून कटकट. हात थरथरतो, एकदा दाबायला जातात आणि दोनदा दाबलं जातं. पहिल्यानं उत्तर यायचं, दुसऱ्यानं वाचायच्या आत मिटायचं. शेवटी पहिला दाब तेवढा धरला आणि त्यांचं वाचून होईतो मागून येणारे सगळे सोडून दिले. उत्तर ठसठशीत अक्षरात ठेवलं, "पाचगणीला हाय. सुट्टीत येणार." तू आता जिती नाहीस, म्हणजे तुझा शब्दही मोडला नाही, अशी मी माझी समजूत घातली.

पहिले काही दिवस त्यांनी तुझं विचारलं की मी त्यांचं बोट बटणावर ठेवायचे, मग बोटालाच सवय झाली. लागू पडलं. दाबतात, वाचतात, बरं म्हणतात आणि अंगणात खुर्ची टाकून बसतात. रडणं थांबलं. गल्लीतली माणसं म्हणतात, पोरीनं नाव काढलं. पण आई, या घरात तुझं नाव आता कुणी घेत नाही. आबा तुझं घड्याळाला विचारतात आणि माझ्याकडे फक्त चहा मागतात. पूर्वी दिवसातून दोनदा का होईना, तू गेल्याचं आम्हा दोघांना कळायचं. आता ते माझ्या एकटीच्याच गळ्यात आहे आणि मला ते लय जड जातंय.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. काल मी घड्याळ चार्जिंगला लावलं नाही. विसरले नव्हते, मुद्दाम नाही लावलं. आज सकाळी आबांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, काळ्या काचेकडे बघत राहिले आणि मग मला विचारलं. मी खरं सांगितलं. ते मटकन बसले. मीही त्यांच्याशेजारी बसले, त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघंही पोटभर रडलो. मला बरं वाटलं, आई.