बिनमार्क्याची पेटी

९ एप्रिल, गुरुवार
सकाळच्या कॉलवर चूक श्वेताची ठरली. देवरूखची पोर, पहिलीच नोकरी, माझ्यासारखीच घरून काम करते. ग्राहकाच्या खात्यातून जायचे पैसे कंपनीच्याच खात्यातून गेले. तिने आमचं डॉक्युमेंटेशन बघून काम केलं. त्यात ऑपरेशनपुढे, म्हणजे ट्रान्झॅक्शनमधल्या एकेका व्यवहारापुढे, लिहिलंय, ‘ऑपरेशनचं सोर्स अकाउंट : ऐच्छिक.’ तिने रकाना रिकामा सोडला. ऐच्छिक म्हटल्यावर कोण भरेल?
ते पान माझं. म्हणजे मी लिहिलं त्यातलं उरलं ते.
दूध उतू गेलं. गॅस पुसताना लक्षात आलं, दात आवळलेले आहेत.

१० एप्रिल, शुक्रवार
पुढे वाक्य होतं : ‘रिकामं सोडल्यास अख्ख्या ट्रान्झॅक्शनचं जे सोर्स अकाउंट, त्यातूनच पैसे जातील.’ आमच्याकडे ते कंपनीचंच असतं. हे वाक्य टीम लीड कुलदीपने काढलं. डेव्हलपरना एवढं कळतं म्हणे. मी परत घातलं. त्याने परत काढलं. काल कॉलवर हाच माणूस गप्प.

१२ एप्रिल, रविवार
पावसला, माहेरी. पेट्या भरणं चालू. दादाच्या गाडीतून शेजारच्या बागांचाही आंबा वाशीला जातो. पेटीवर ज्याचा त्याचा मार्का. मार्का नसेल तर दलाल ती पेटी गाडीवाल्याची, म्हणजे दादाची धरतो. गाडी म्हणजे ट्रान्झॅक्शन, पेटी म्हणजे ऑपरेशन. एवढंच तर सांगायचं होतं.
दादाला श्वेताचं सांगितलं. मार्का मारता मारता म्हणाला, पोरीला कशाला ओरडतात, पाटी लिहिणाऱ्याला विचारा. लिहिणारी मीच, म्हटलं. खोडणारा दुसरा.
“मग तू ओरड की गो. इथे माझ्यावर कशाला?”

१३ एप्रिल, सोमवार
ओरडले. कॉलवर, सगळ्यांसमोर.
“ते वाक्य पानावर होतं, कुलदीप. दोनदा होतं. तुम्ही काढलंत.”
कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. मग कुलदीप म्हणाला, सुधारणा पाठवा, बघतो. श्वेताचा विषय वेगळा आहे.
वेगळा कसा?

१५ एप्रिल, बुधवार
नवं पान पाठवलं. ‘ऐच्छिक’ काढलं, वाक्य घातलं, गाडी-पेटीचं उदाहरणही. कुलदीपचा शेरा : उदाहरण बालिश वाटतं, काढा. काढलं नाही.
संध्याकाळी श्वेताचा फोन. शुक्रवारपर्यंत राजीनामा दे, नाहीतर आम्ही काढू, असं सांगितलंय तिला. आईला अजून बोललेली नाही. आवाज अगदी सपाट. रडली असती तर बरं वाटलं असतं.
“ताई, जाऊ दे. माझ्यापायी तुमचं नको काही व्हायला.”
मी म्हटलं, राजीनामा देऊ नकोस. सांगणं सोपं. माझ्या घरात दुसरा पगार येतो. तिच्या घरात तिचाच एक.

१७ एप्रिल, शुक्रवार
श्वेताने राजीनामा दिलेला नाही. दुपारपर्यंत तिला कुणी काढलेलंही नाही. माझं पान मंजुरीविना पडून.
चारच्या सुमारास ऑफिसच्या ग्रुपवर नव्या मुलीचा प्रश्न. ऑपरेशनचं सोर्स अकाउंट रिकामं ठेवलं तर चालतं का? कुलदीपचं उत्तर : ‘डॉक्स वाचा.’
पान उघडून बघितलं. अजून ऐच्छिकच.
अंगाचा तिळपापड. उत्तर लिहायला घेतलं. तेवढ्यात खाली श्वेताचं आलं : ‘चालतं. पण पैसे ट्रान्झॅक्शनच्या सोर्स अकाउंटमधून जातात. मी ठेवलं होतं रिकामं.’
सगळ्या कंपनीसमोर. शुक्रवारी.
मी तिच्याखाली माझं अख्खं पान चिकटवलं. गाडी, पेटी, मार्का, सगळं.
कुलदीप टाइप करतोय असं दिसतंय. थांबला. परत करतोय.