रोपांवरून फिरवलेला हात

प्रिय दादा,

परवा तुझा फोन झाल्यापासून माझं कशात लक्ष नाही. बाबांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून नर्सरीतली रोपं नुसती उंच वाढतात, ट्रे उचलला की माना टाकतात, गिऱ्हाईक तोंडावर बोलून जातं. तू बी बदललंस, माती बदललीस, खत बदललंस, आणि शेवटी म्हणालास, 'बाबांच्या हाताला गुण होता, माझ्या नाही.' म्हणून महिनाअखेरीस शेड शेजारच्या गॅरेजवाल्याला देऊन टाकायची. हे तू इतक्या शांतपणे सांगितलंस की मला भांडायलाही सुचलं नाही. आता एकच विनंती आहे. हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय त्याला हो म्हणू नकोस. तू पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचून पत्र खिशात टाकणाऱ्यांतला आहेस, मला ठाऊक आहे. या वेळी मधलंही वाच.

मी इथे काय करते हे तुला कधी धड सांगितलंच नाही. तू सगळ्यांना सांगतोस, ती पट्टी लावून झाडं मोजते. ते फारसं चुकीचं नाही. आमच्या विद्यापीठात पदवीच्या काही मुलांना प्राध्यापकांच्या हाताखाली खरंखुरं संशोधन करायला मिळतं, म्हणजे ज्याचं उत्तर अजून कुणालाच माहीत नाही असं काहीतरी. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, पांढरा कोट घालून काचेच्या नळ्या हलवायच्या. आमच्या प्राध्यापक मॅडमनी हातात झाडू दिला आणि रोपांची खोली स्वच्छ करायला सांगितली. नंतर बी कसं मोजायचं, पाणी किती घालायचं, चूक झाली तर ती खोडून न टाकता शेजारी कशी लिहायची, हे सगळं स्वतः बाजूला उभं राहून शिकवलं. बाई बुटक्या, चपला करकरणाऱ्या, आणि तोंडात एकच प्रश्न, 'कशावरून?' चहा गार झाला म्हटलं तरी विचारतील, कशावरून. सुरुवातीला मी त्यांना जाम टरकायचे.

आमची खोली तळघरात आहे. खिडकी नाही, पंखा नाही, नुसत्या मांडण्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या नळ्यांचा उजेड. काही फळ्यांवर काळी जाळी टाकून उजेड कमी केलेला. त्या अंधूक उजेडात टोमॅटोची रोपं किती ताणली जातात, हे आम्हाला मोजायचं होतं. माझ्याबरोबर वर्गातलीच एक मुलगी आहे, उंच, सरळसोट, आणि बोलते तेही मोजूनमापून, म्हणून मी तिचं नाव फूटपट्टी ठेवलंय. तिला ते आवडलंय, असं तिने मोजूनमापून सांगितलं. बी तेच, माती तीच, पाणी तेवढंच, एक मांडणी तिची आणि एक माझी. तिची जाळीखालची रोपं अपेक्षेप्रमाणे लांब आणि लेचीपेची झाली. माझी मात्र जाळीखालीही बुटकी आणि दणकट. जाळीच्या आतली कुठली आणि बाहेरची कुठली, लांबून ओळखू येईना.

तुला हसू येत असेल, की दणकट रोपं आली म्हणून कोण रडतं. पण दादा, मी खरंच रडले. सत्राच्या शेवटी आम्हाला हे काम सगळ्या विभागासमोर मांडायचं होतं, आणि पुढच्या वर्षीही मॅडमकडे राहायला मिळेल की नाही ते त्यावरच ठरणार होतं. मी नळ्या बदलल्या, जाळी दुहेरी केली. फूटपट्टीला वाटलं, मी जाळी वर करून ठेवते आणि विसरते. आम्ही पुन्हा पेरलं. पुन्हा तेच. मॅडमकडे गेले तेव्हा मी आधीच ठरवून गेले होते की आता त्या मला नारळ देणार. त्यांनी फक्त विचारलं की मी सकाळी खोलीत कधी जाते.

दुसऱ्या दिवशी त्या दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. मी आत शिरले, पिशवी खुंटीला लावली, मांडणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, जाळी उचलून तिच्या खालच्या रोपांपर्यंतही पोचले, आणि मग पाणी घालायला वळले.

"हे रोज करतेस?" मॅडमनी विचारलं.

मला कळेचना कशाबद्दल बोलताहेत. त्यांनी आपला तळवा हवेत आडवा धरून फिरवून दाखवला. तेव्हा मला कळलं, दादा. मी रोज सगळ्या रोपांच्या शेंड्यांवरून हात फिरवत होते. या टोकाला जायचं आणि परत यायचं. शप्पथ सांगते, मला पत्ताच नव्हता.

हे कुठून आलं ते तुला सांगायला नको. बाबा चहाच्याही आधी शेडमध्ये जायचे, मांडण्यांमधून एक फेरी मारायचे, तळवा असा पसरून, आणि म्हणायचे, 'उठा रे पोरांनो.' मग घरात येऊन त्याच मातीच्या हाताने आपल्या दोघांचे केस विस्कटायचे आणि तेच वाक्य आपल्यालाही. तू चादर डोक्यावरून ओढायचास. मी त्यांच्या मागे शेडमध्ये पळायचे आणि खालच्या फळीवर हात फिरवायचे, म्हणून तर माझं नाव लुडबुड पडलं.

मॅडमनी मग समजावून सांगितलं. रोप सारखं हललं की त्याला तो वाराच वाटतो. मग ते उंची आवरतं आणि खोड जाड करतं. बाहेर हे काम वारा करतो. आमच्या तळघरात वारा नाही, आणि आपल्या शेडलाही चारी बाजूंनी प्लास्टिक आहे. तिथला वारा म्हणजे बाबा होते. मी लगेच उत्साहाने बाबांच्या रेडिओचंही विचारलं, की ते रोपांना सकाळच्या बातम्या ऐकवायचे त्याचाही उपयोग होत असेल का. मॅडम म्हणाल्या, कशावरून? तेव्हा रेडिओ तुला माफ.

त्यांनी मला नारळ दिला नाही. म्हणाल्या, पहिला प्रयोग नीट परत कर आणि हात खिशात ठेव. फूटपट्टी माझ्यावर पहारा ठेवायची. विभागासमोर मी दोन्ही मांडलं, बिघडलेलंही. सगळे हसले, मीही हसले, आणि पुढचं वर्ष मॅडमकडेच आहे. ही बातमी तुला आधी द्यायची होती, पण परवा फोनवर तुझं ऐकल्यावर तोंड उघडवलं नाही.

तर दादा, तुझ्या हातात काही खोट नाही. तू शेडमध्ये जातोस, पाणी देतोस, खत देतोस आणि कामाला लागतोस. रोपांवरून हात कुणी फिरवत नाही, एवढंच. रोज सकाळी फिरव, हलक्या हाताने, रोपं ओली असताना नको, आणि पुढच्या पेरणीची रोपं बघ. तोवर गॅरेजवाल्याला थांबव.

एवढंच सांगायचं असतं तर फोन पुरला असता. पण घरातला फोन बाबांच्या चाकांच्या खुर्चीशेजारी वाजतो, आणि तू ओरडून बोलतोस. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोललेलं त्यांना सहन होत नाही आता. तू त्यांना शेडमध्ये नेत नाहीस, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. त्यांच्यावर तुझा किती जीव आहे ते मला माहीत आहे. पण आई सांगत होती, ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात, आणि 'मी आता काय कामाचा', एवढं एकच वाक्य बोलतात. आणि तिने हेही सांगितलं, की डाव्या हाताने चहाचा कप धरतात आणि थेंब सांडत नाही. दादा, वर मी लिहिलं ना की तू हात फिरव, ते नको. तू फिरवू नकोस. मधली एक मांडणी काढ, खुर्चीची चाकं जातील एवढी वाट कर, आणि सकाळी चहाच्या आधी बाबांना आत ने. खालच्या फळीवरचे ट्रे त्यांच्या हाताच्या उंचीला येतील. दयेने आणलंय असं वाटू देऊ नकोस. रोपं पडताहेत, तुमच्याशिवाय जमत नाही, असं सांग. खरंच आहे ते. आणि मग तू मॅडमसारखा दारात उभा राहा, काही बोलू नकोस. 'उठा रे पोरांनो' ऐकू आलं, की मला फोन कर.

तुझीच,
लुडबुड